टेकाडावरची पवनचक्की

लोटे गावातल्या कारखान्यात पवनचक्की बसवायचं ठरलं, तेव्हा इंजिनियर दामल्यांनी आवारातलं सर्वांत उंच टेकाड निवडलं. आवार झाडणारी राही त्यांना आडवी आली.

"सायेब, हितं माजी तान्ही लेक पुरलीय. जमीन कंपनीत जायच्या आदी."

दामले म्हणाले, "बाई, वारा इथंच लागतो. तुम्ही आधी तिला काढून न्या, मग आम्ही पाया खणू."

दुसऱ्या दिवशी राही नवऱ्याला, भागोजीला, घेऊन आली. दोघांनी दुपारपर्यंत खणलं. तांबड्या मातीत हाडाचा तुकडासुद्धा हाताला लागला नाही.

"आता आम्ही सुरू करू का?" दामल्यांनी हळूच विचारलं.

"करा," राही म्हणाली. तिनं मूठभर माती ओटीत घेतली. भागोजीनं तिला हाताला धरून उठवलं, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.