हलू नका

"झाकणालाच भोक पाडलंत, तर मग झाकणार काय?" बायकोने पलंगावरून विचारलं.

फोटोमास्तर ओट्यावर वाकून, कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाला बरोबर मध्यावर ड्रिल मारत होते. "झाकायचं नाहीच आहे. या भोकातूनच तुझा फोटो काढायचाय."

"घ्या! फोटोसुद्धा भोकातूनच आला नशिबी." ती हसली. हल्ली आधी तिची हनुवटी थरथरायची आणि हसू मागून यायचं.

तिचं मागणं साधं होतं. आपण गेल्यावर भिंतीवर लावायला एक बरा फोटो हवा. डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हटल्यापासून घाई तिलाच झाली होती. मास्तरांनी चाळीस वर्षं सगळ्या गावाचे फोटो काढले. लग्नातले, परीक्षेच्या अर्जावरचे, मेलेल्यांचेसुद्धा. बायको मात्र कायम दिवा धरून बाजूला उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लेकीने मोबाइलवर प्रयत्न केला होता, पण मोबाइल नेमका तोंड वाकडं होतं तोच क्षण पकडायचा. "ही बाई भिंतीवर लावलीत तर भूत होऊन मानगुटीवर बसेन," तिने बजावलं होतं.

दुकान बंद करताना लेन्स विकल्या गेल्या. जुनाट डिजिटल कॅमेऱ्याचा सांगाडा मात्र कुणी फुकटही नेईना. मास्तर शिकाऊ होते तेव्हा त्यांच्या उस्तादाने नुसत्या खोक्याला भोक पाडून फोटो काढून दाखवला होता. सुईच्या अग्राएवढ्या भोकातून उजेड आत झिरपतो. त्याला वेळ लागतो. म्हणजे क्षणभराचं वाकडं तोंड त्यात उमटणारच नाही, असा मास्तरांचा हिशेब.

थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी त्यात सुई आरपार घुसवली, तो पत्रा झाकणाच्या भोकावर चिकटवला आणि किटलीचा फोटो काढला. किटली कणकेच्या गोळ्यासारखी आली. माशी कुठे शिंकली ते लगेच कळलं. भोक मोठं झालं होतं. दुसऱ्या पत्र्याला सुईचं नुसतं टोक लावलं, मागची खरखर पॉलिश पेपरने घासली, आतली धूळ रबरी फुग्याने उडवली. या खेपेला किटली ओळखू आली, अन् तिच्यामागच्या कपाटाची कडीसुद्धा. कॅमेऱ्यात डोळा लावून मात्र काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सगळा अंदाजपंचे कारभार.

अकरा वाजता खिडकीतून भरपूर ऊन आलं, तेव्हा त्यांनी तिला कपाटापुढच्या खुर्चीत बसवलं. कॅमेरा तिपाईवर. तीस सेकंद.

"इकडे बघ. आणि..." मास्तर थांबले.

गाव त्यांना 'हलूनका मास्तर' म्हणायचं. मंत्र्याला, नवरीला, रडक्या पोरांना, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं होतं.

"म्हणा की," ती म्हणाली. "मी बघते प्रयत्न करून."

ते म्हणाले नाहीत. बटण दाबलं आणि मनात आकडे मोजू लागले. तिने मांडीवर हात हातात घट्ट धरले. दहापर्यंत ठीक होतं. मग बोटं सुटली. थरथर मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढू लागली. ती दातांवर दात रोवून मान तेवढी सांभाळत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. वीस झाले. मास्तरांना ते बघवेना. चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. चालू फोटोत घुसले, तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

खट्‌कन आवाज आला.

मागच्या पडद्यावर दोघांनी फोटो पाहिला. तिचा चेहरा आला होता, जरासा मऊ, पण तिचाच. हातांच्या जागी धुकं. आणि शेजारी धुराचा एक लोट, त्यातून मागचं कपाट आरपार दिसत होतं.

"अहो, हे तुम्ही?" तिने निरखून पाहिलं. "यात तर तुम्हीच गेलात की आधी!"

दोघंही पोट धरून हसले. मग मास्तरांना हसू आवरलं, रडू आवरेना. "हाच लावा," ती म्हणाली. "मला आवडला."

फोटोनंतर बाराव्या दिवशी ती गेली.

मास्तर फोटो छापायला टाकून आले. मोठा काढायचा म्हणून लॅबवाल्याने चार दिवस मागितले होते. ते घ्यायला गेले तेव्हा लॅबवाल्याने तो मोठ्या आपलेपणाने पुढे ठेवला.

"काका, हात हलले होते, म्हणून खालून कापला. आणि बाजूला धुरासारखा डाग आलेला, तो पुसून टाकला. काकू किती शांत बसल्यात बघा!"

ती खरंच शांत बसली होती. एकटीच. मास्तरांनी स्वतः असे हजारो डाग पुसले होते. या पोटच्या पोरासारख्या माणसावर रागवायचं कोणत्या तोंडाने?

"काम चोख केलंस," ते म्हणाले. "पण मला पहिलाच छापून दे. न पुसलेला."

"त्यात डाग आहे, काका."

"डाग नाही रे तो. मी आहे."

लॅबवाला हसायला गेला आणि थांबला. त्याने मूळ फोटो पडद्यावर उघडला, मोठा केला, अजून मोठा केला. बराच वेळ शोधलं. "कुठे, काका?"

मास्तरांनी काचेवर बोट ठेवलं. बोटाखाली कपाटाची कडी होती.