घरटी एक

"काका, घरटी एक. एकच माणूस. नीट सांगाल ना?"

नमिता मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं आणि माझं डोकं सटकलं. सत्तावीस वर्षं देवळीच्या शाळेत कारकुनी केली मी. चार मुख्याध्यापक आले नि गेले, पण एकानंही मला एकच गोष्ट तीनदा सांगितली नव्हती. पण मॅडम पडल्या मुंबईच्या, मोठमोठी लग्नं पार पाडणाऱ्या कंपनीच्या. आणि लग्न होतं आमच्या महादेवरावांच्या अंकिताचं. गिळलं मी.

अंकिता हॉलंडला नोकरीला. नवरा तिकडचाच, यान नावाचा. दारातून वाकून येणारा, स्वभावानं गरीब गाय. लग्न गावाकडेच करायचं, हा पोरीचा हट्ट. म्हणून नदीकाठचं रिसॉर्ट चार दिवस घेतलेलं. परदेशातून सत्तर पाहुणे, त्यांना आणायला नागपूरच्या विमानतळावर गाड्यांची रांग. फुलं बंगलोरहून. आमच्या शेतातला झेंडू म्हणे रंगात नापास झाला! नदीत सोडायचे दिवेसुद्धा कुठून तरी खोक्यात भरून आले होते. गाव आमचं अवघं चाळीस घरांचं. चाळीसही घरं यादीत आली, ती महादेवरावांनी मॅडमशी भांडून मिळवली म्हणून.

आता आवतण म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या गावात छापील पत्रिका आली म्हणून कोणी जेवायला जात नाही. आदल्या दिवशी कोणीतरी दारात येऊन, उंबऱ्यावर पिवळे तांदूळ ठेवून, तोंडानं सांगावं लागतं. हे काम आधी माझ्या बापाकडे होतं, आता माझ्याकडे. लग्नाचं आवतण चूलबंद असतं. म्हणजे घरात कोणीच चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. अंकितानं हे मॅडमना सांगितलं, त्यांना ते भारी आवडलं. "किती ऑथेंटिक!" म्हणाल्या आणि मिहिर नावाचा फोटोग्राफर माझ्यामागे लावून दिला.

संध्याकाळी निघालो. पहिलं घर प्रेमदासचं. तो, बायको, दोन लेकरं, म्हातारी आई, सगळी दारात येऊन उभी राहिली. मी तांदूळ ठेवले.

"प्रेमदास, उद्या अंकिताच्या लग्नाले जेवाले..." म्हणालो आणि जीभ अडली.

कारण आमच्याकडे 'घरटी एक' हे फक्त तेरवीला सांगतात. माणूस मेल्यावर! मी ते शब्द आजवर सांगितले ते मयताच्या घराकडून. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हातात हळदीचे तांदूळ घेऊन, ते अभद्र कसं बोलू?

"चूलबंद आवतण हाय गा," माझ्या तोंडून निघालं. "लेकराबाळाइले घेऊन येजो."

"काका, परत एकदा म्हणा ना, प्रकाश मस्त पडलाय," मिहिर म्हणाला.

परत एकदा म्हणालो.

शेजारच्या बाया ऐकतच होत्या. आता एका घराला चूलबंद आणि दुसऱ्याला घरटी एक, असं करून गावात तोंड दाखवता येतं का? चाळीस घरी तेच सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, सांगताना छाती फुगली होती माझी. महादेव खूश होईल, दोन पोती गहू जास्त लागतील, बस, असा माझा हिशेब.

रात्री मी हे सांगितलं, तसे महादेवराव मटकन खाली बसले.

"सदा, काय करून बसला बे तू?"

"काऊन? लग्नाचं आवतण आनखी कसं देते?"

"अबे, खुर्च्या मोजून हायेत. एकेकीवर नाव लिवलं हाय. यादीत नाव नसन तं गेटावरचा मानूस आत सोडत नाई. दीडशे लोक लेकरंबाळं घेऊन गेटावर उभे राह्यले तं ऐन लग्नात पोरीनं काय कराव?"

"मंग जेवन वाढव ना."

"माह्या हातात काय हाय? मले विचारते कोन? माह्या आंगात उद्या काय घालाचं, थे बी मले उद्याच समजन."

त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. पन्नास वर्षांची आमची दोस्ती. या माणसाला मी बायकोच्या मयतीत रडताना पाहिलं, त्यानंतर आज.

"तूच जा सकाळी," ते म्हणाले. "घरटी एक सांगून ये. माह्यासाठी नाई, अंकितासाठी."

दिलेलं आवतण परत घ्यायचं! बापानं घेतलं नव्हतं, आज्यानं घेतलं नव्हतं. एखाद्याच्या ताटातला घास काढून घ्यावा, तसं ते. पण पोरीचा तमाशा व्हायला नको. हो म्हणालो. घरी येऊन बायकोला, रुख्माला, सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं. मला काही जेवण गेलं नाही.

सकाळी उठलो तर रुख्मा घरात नव्हती. केव्हाच नळावर गेली होती. एरवी पाणी भरायला इतका वेळ लागत नाही तिला. मी पायांत चपला घातल्या आणि निघालो.

प्रेमदास दाढी करून दारातच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बरं झालं आले, सदाकाका. आमच्या घरच्याचं काई जमत नाई बा आज. कापूस वेचाचा राह्यला, बायको लेकराइले घेऊन वावरात चालली. मी एकटाच येतो, चालन ना?"

"चालन," म्हणालो. सुटलो, असं वाटलं. एक घर तरी वाचलं.

दुसऱ्या घरी सासूचे पाय सुजले होते, म्हणून सून थांबणार होती. "आमचे हे येतीन." तिसऱ्या घरी समीक्षाचं पोट दुखत होतं. समीक्षा नवा फ्रॉक घालून आईच्या मागे उभी होती आणि मूठभर बोरं खात होती. मी तिच्याकडे पाहिलं तशी आईनं तिला आत ढकललं.

चौथ्या घरी पाहुणे येणार होते. पाचव्या घरी वर्ध्याच्या दवाखान्यात जायचं होतं.

सहाव्या घरासमोर मी थांबलो. आता माझ्या टाळक्यात उजेड पडला. चाळीस घरांच्या गावात एकाच सकाळी इतकी दुखणी कुठून येतात? रुख्मा नळावर का रमली होती, ते कळलं. गावाला सगळं ठाऊक होतं. आणि तो शब्द मला माझ्या तोंडानं काढावा लागू नये, म्हणून गाव आधीच कारणं घेऊन दारात उभं होतं. कोणी रुसलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. घरटी एकच माणूस येणार होता आणि ते मला एकाही दारात म्हणावं लागलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि या लोकांवर इतकी माया आली की पुढच्या घरी जाववेना. तरी गेलो. प्रत्येक दारात उभं राहून प्रत्येकाचं खोटं ऐकून घेतलं. तेवढं मी त्यांचं देणं लागत होतो.

शेवटचं घर विमलाबाईचं. अंकिताची आई बाळंतपणात आजारी पडली, तेव्हा सव्वा महिना या बाईनं पोरीला पायांवर घेऊन तेल लावलं, न्हाऊ घातलं. यादीत त्या घरचं नाव सचिनचं होतं, तिच्या मुलाचं. कोणीतरी न विचारता कर्त्या माणसाचं नाव लिहिलं असणार.

"ये भाऊ," ती आतून म्हणाली. "सचिन येते लग्नाले. माहा तं आज उपास हाय."

बाहेर आली तेव्हा तिच्या हातांना मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. मागे तवा तापल्याचा वास येत होता.

कसला उपास, ते मी विचारलं नाही.

"पोरगी कशी दिसते थे पाहून येजो," ती म्हणाली. "हळद चढली काय आंगावर, सांगजो मले. लहानपनी लय रडे गा, हळद लावली का."

"हाव," मी म्हणालो. भाकर करपेल म्हणून विमलाबाई आत गेली.