कुलपातला तुरा

मित्रांनो, मी एक जुना तुरा आहे. खरं म्हणजे होतो. आता चार काड्या आणि तांब्याची तार उरली आहे, तरी स्वतःला मी तुराच म्हणवतो.

पापनाशमजवळच्या भातशेतात बगळे उतरतात. त्यांची गळलेली पांढरी पिसं कामाक्षीबाईंनी वेचली आणि नवऱ्याच्या पागोट्यासाठी मला बांधलं. हनुमंतराव पोय्क्काल कुदिरैच्या नाचात राजा व्हायचे. पायांना लाकडी पाय, कमरेला पोकळ घोडा आणि कपाळावर मी. खेळाआधी बाई मला उकळत्या भाताच्या वाफेवर धरायच्या, की मी फुलून यायचो. तंजावरच्या रस्त्यांवर लोक आधी मला बघायचे, मग राजाला. थोडा माज होता मला, कबूल करतो.

गुडघे गेले तसे हनुमंतराव घरी बसले. त्यांची मुलगी नित्या लाकडी पायांवर नाचायला केव्हाच शिकली होती. तिने मला मागितलं.

"अप्पा, मज बांधू द्या की."

"तुरा राजाचा. तो लेकाने बांधायचा. तू राणी हो."

लेक प्रवीणकुमार चेन्नईत नोकरीला. येतो येतो म्हणायचा. नित्या हात लावील म्हणून हनुमंतरावांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात कोंडलं आणि सावी, म्हणजे किल्ली, कमरेला खोचली. कामाक्षीबाई सांगत राहिल्या, पिसांना वारा लागतो, वाफ लागते. कोण ऐकतो! सहा पावसाळे मी त्या दमट पिशवीत काढले. मला कसर लागली. तेव्हा मी ज्या शिव्या दिल्या, त्या तुमच्यासमोर सांगण्यासारख्या नाहीत.

यंदा गावच्या उत्सवाला राजाच मिळेना. प्रवीणकुमारने फोनवर साफ सांगितलं, मला ते येत नाही आणि शिकायचंही नाही. मग कुठे हनुमंतरावांनी कपाट उघडून पिशवी नित्याच्या हातात दिली. तिने ती सोडली, तर नुसता भुसा सांडला.

तिने भुशातून माझ्या काड्या वेचल्या. मग म्हणाली, "अप्पा, सावी देण्यास इतके दिवस कां लागले?"

नित्या तुऱ्याविना पागोटं बांधून राजा झाली. फार छान नाचली म्हणे. मी पाहिलं नाही, मी पुन्हा कपाटात होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मलाही जपलंच होतं. तुमच्या घरी कोणी जीव तोडून एखादी वस्तू मागत असेल, तर कुलूप लावण्याआधी त्या माणसाकडे एकदा बघा.

परवा आयुधपूजेला हनुमंतरावांनी माझ्या काड्यांना गंध-कुंकू लावलं, हात जोडले. शेजारीच नित्याचं पागोटं ठेवलं होतं. त्याला त्यांनी कुंकू लावलं नाही.