बारा खोल्यांच्या खिडक्या

तीन वर्षं झाली देवासला रणवीर सरांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतोय. डिग्री नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. सही सरांची, रेघा माझ्या. तेच प्लॉट, तेच जिने, फक्त मालकाचं नाव बदलायचं. कंटाळलो होतो. बदनावरच्या मंडीत मामांची आडत आहे, तिथे येतो म्हणून सांगून टाकलं होतं. हे शेवटचं काम.

काम म्हणजे पीथमपुरात कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांसाठी भाड्याच्या बारा खोल्या. मालक हंबीरराव, धारचे. त्यांना खिडक्या नकोच होत्या. मी तीनदा धारला त्यांच्या घरी गेलो, डोकं खाल्लं. शेवटी वैतागून हो म्हणाले. प्रत्येक खोलीला पूर्वेची मोठी खिडकी. पहिल्यांदा काहीतरी माझं झालं असं वाटलं. मामांना म्हटलं, थोडं थांबा.

खोल्या बांधून लोक राहायला आल्यावर चार महिन्यांनी बघायला गेलो. सकाळचे दहा. बाराच्या बारा खिडक्या बंद. कुठे पुठ्ठा, कुठे चादर, एकीवर तर खताची गोणी ठोकलेली.

चार नंबरचं दार वाजवलं. अजेय नावाचा मुलगा, देवासच्याच मराठी घरातला. डोळे लाल. खिडकी का झाकली, विचारलं.

"नाइट करून आठला येतो भिया. ऊन सरळ तोंडावर. तुम्ही काढली का ही खिडकी?"

हो म्हटलं.

"मग एकदा विचारायचं तरी कुणाला. जुन्या खोलीत अंधार तरी होता."

तो दार लावणार होता. मी म्हटलं, पाचच मिनिटं आत येऊ दे. त्याच्या खाटेवर आडवा झालो. पुठ्ठ्यामुळे हवा बंद, अंगाला घाम. डोकं कुठे करतो, किती वाजेपर्यंत झोपतो, सगळं विचारलं. तो जांभया देत सांगत होता. मी त्याच पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

बाहेर येऊन हंबीररावांना फोन लावला. खिडकी बुजवायची, वर छताजवळ तिरप्या पट्ट्यांची जाळी. हवा येईल, ऊन नाही. ते बराच वेळ हसले. म्हणाले, आधी भांडून लाव, मग भांडून बुजव. एकाच खोलीत करून दाखव, मग बघू.

बसमध्ये मामांचा फोन आला. येत नाही म्हटलं. पगार वाढला का, विचारलं त्यांनी. नाही. सरांनी सही करायला दिली का? नाही.

"मग तिथे ठेवलंय काय तुझं?"

मी म्हटलं, "चार नंबरच्या माणसाला झोप येत नाहीये, मामा."