वर एक माणूस राहिलाय

आमच्या वाडीत चार दिवस संध्याकाळ झाली नव्हती, कारण माझे वडील डोंगरावरून खाली आले नव्हते.

आमच्याकडे हे असंच आहे. सकाळी वर गेलेली माणसं उतरल्याशिवाय दिवस मावळत नाही. एरवी त्यानं कुणाचं काही अडत नाही. शहरातली मंडळी सातला चढायला लागतात, धबधब्यापाशी फोटो काढतात, माथ्यावर डबे उघडतात, तळ्यात पाय सोडून बसतात आणि पाचपर्यंत खाली येतात. कुणाचा पाय मुरगळला तर ऊन तासभर जास्त थांबतं. एकदा कॉलेजची पोरं वाट चुकली, तेव्हा घड्याळात अकरा वाजले तरी बाया अंगणात तांदूळ निवडत होत्या. पण चार दिवस कधीच नाही.

लोकांना वर नेण्याचं काम आता मी करते. आधी बाबा करायचे. डावा डोळा काचबिंदूनं गेला तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि ते ओट्यावर बसले. उजव्या डोळ्यालाही नळीतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं होतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर आहे तेवढी नजर टिकेल असं वाटतं, खात्री देत नाही. नाही केलं तर वर्षभरात सगळं जाईल. शुक्रवारी सकाळी नऊची वेळ मिळाली होती.

गुरुवारी नाशिकचे पाच जण आले. बाबा म्हणाले, "आज मी नेतो."

"तुम्हाला दिसत नाही."

"पायांना दिसतंय की. उद्यानंतर कुणी सांगावं."

साडेचारला पाचही जण खाली आले. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "काका तळ्यापाशी बसलेत. म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच."

सूर्य कड्याच्या दोन बोटं वर होता. तो तिथंच राहिला.

मी लगेच वर गेले नाही. ते भिऊन वर बसलेत हे मला ठाऊक होतं, आणि भ्यायलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा असं मला वाटलं. शिवाय मी वर गेले तर दिवस दोघांसाठी थांबणार होता. आम्ही चार वेळा झोपून उठलो, म्हणून चार दिवस म्हणायचे. फोनवर गुरुवारच होता. प्रत्येक घराला भिंतीलगत सावलीची एक पट्टी मिळाली होती आणि सगळं घर त्या पट्टीत एका रांगेत झोपायचं. गाईंनी संध्याकाळचं दूध दिलं नाही, कारण संध्याकाळ नव्हती. कोंबड्या खुराड्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, आत बघायच्या आणि परत फिरायच्या.

कुणी मला बोललं नाही. फक्त आमच्या दारावरून जाताना लोक पायांचा आवाज न करता जायला लागले.

चौथ्यांदा उठले तेव्हा मोहना दारात उभी होती. शेजारच्या सोमाकाकांची मुलगी. गुरुवारी दुपारी तिला हळद लागली होती आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

"यमुनाताई, हळद वाळून पडायला लागली," ती म्हणाली. तिनं हात पुढं केला. कोपरापासून पिवळा पापुद्रा सुटला होता.

"सोमाकाका काय म्हणतात?"

"ते काही म्हणत नाहीत. मांडवाच्या दारात बसलेत. मी म्हणते. मला उद्या पाहिजे."

मी काठी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

धबधब्यापर्यंत वाट नेहमीची होती. धबधब्याचं पाणी कड्यावरून सुटलेलं होतं, पण खाली पोचलेलं नव्हतं. ते कड्याच्या मध्यावर होतं आणि सावकाश येत होतं, जिन्यावरून म्हातारी बाई उतरावी तसं. खालचा डोह कोरडा पडला होता. मी वाटेनं चढत असताना काही थेंब माझ्या शेजारून उतरत होते. एकाला बोट लावलं. बोट ओलं झालं आणि थेंब पुढं गेला.

त्यानंतर वाटेची डावी बाजू संपली.

तिथं दरी नव्हती. धुकंही नव्हतं. बाबांना ज्या बाजूचं दिसत नव्हतं ती बाजू नव्हती, एवढंच. पायाखाली हातभर रुंद वाट होती, उजवीकडं कारवीची झुडपं होती आणि डावीकडं बघायला गेलं की नजर परत यायची. चढत गेले तशी उजवी बाजूही आत सरकू लागली. आधी झुडपं गेली, मग त्यांच्या मुळांचे दगड. माथ्यावर पोचले तेव्हा माथा एका खाटेएवढा उरला होता. मी तो अंग चोरून ओलांडला आणि पलीकडं तळ्याकडं उतरले.

तळं ओट्यावरच्या पाटाएवढं होतं. त्यात आभाळाचा तेवढाच तुकडा होता. बाबा काठाशी मांडी घालून बसले होते.

"कोण?"

"यमुना."

"अशी समोर ये. तिकडं उभी राहू नको, तिकडं काही नाही."

मी त्यांच्या समोर, पाण्यात पाय ठेवून उभी राहिले. दुसरी जागाच नव्हती.

"काय करताय बाबा?"

"पाठ करतोय," ते म्हणाले. "हा काठ, हा चपटा दगड, ही शेवाळाची रेघ. उद्या काय होईल ते होवो, एवढं घेऊन जातो. पण एक पाठ झालं की आधीचं निसटतं. मग परत पहिल्यापासून. पाण्यालाही म्हटलं, जरा दमानं घे."

"किती वेळ झाला?"

"असेल अर्धा तास."

"चार दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलतेय का ते पाहण्यासाठी त्यांना माझा चेहरा तुकड्यातुकड्यानं बघावा लागला, आधी कपाळ, मग तोंड. तोपर्यंत माझे पाय आणि पाणी दिसेनासं झालं. पाय गार पडले होते म्हणून आहेत हे कळत होतं.

"मोहना अंगाला हळद लावून बसलीय," मी म्हणाले.

"सोमाची मोहना?" ते लगेच उठले. "आधी सांगायचं नाही का? पोरीला असं बसवतात होय?" आणि उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "वाट कुठंय?"

वाट डावीकडं होती. म्हणजे नव्हती. त्यांनी मान डावीकडं वळवली तेव्हा वाटेचं एक पाऊल दिसलं, पण तळं गेलं. पुन्हा सरळ पाहिलं तेव्हा तळं आलं आणि वाट गेली. ते पुन्हा खाली बसले. चपटा दगड त्यांनी दोन्ही हातांनी धरला. डोंगरावर त्यांना असं दगडाला धरून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"यमे, मला नाही उतरता यायचं," ते म्हणाले. "तू जा. तू गेलीस तर तुला जागा होईल. मला इथं राहू दे."

"तुम्ही राहिलात तर संध्याकाळ होत नाही."

"मग काय करू?"

मी काठी त्यांच्या हातात दिली, त्यांचा दुसरा हात धरला आणि बारा वर्षांची असताना त्यांनी मला जसं शिकवलं होतं तसं म्हणायला लागले. "तळं सोडलं की डाव्या हाताला कातळ. कातळात पायऱ्या, नऊ. सातवी मोडकी, तिथं काठी टेकायची."

डाव्या हाताला कातळ आला. त्यात पायऱ्या होत्या. बाबांनी पाय टाकला आणि मोजायला लागले. सातवीला थांबून काठी टेकली.

"पुढं?"

"पायऱ्या चढल्या की माथा, पलीकडं कारवी. कारवीतून डावीकडं वळण. वळणावर हिरडा, त्याच्या बुंध्याला बसायला जागा."

हिरडा आला. मोठा, पानांनी भरलेला. बाबांनी बुंध्यावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"हा तर पडला होता," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या साली."

"पडला होता."

"चुकलीस तू."

"चुकले."

ते हसले. चार दिवसांत, किंवा अर्ध्या तासात, पहिल्यांदा. आम्ही दोघं हिरड्याखाली बसलो आणि पाणी प्यालो. मी विचारलं, भीती वाटते का. ते म्हणाले, वाटते, पण पाठ करायची गरज नव्हती हे आधी कळलं असतं तर एवढा उशीर केला नसता. "तुझ्याकडं सगळं आहे की," ते म्हणाले. "थोडं चुकीचं आहे, पण आहे."

त्यानंतर मी बोलत राहिले आणि आम्ही उतरत राहिलो. मी बोलेन तेवढा डोंगर होत होता. एका ठिकाणी मला खोकला आला, तेव्हा आम्ही दोघं एका दगडावर काठी धरून थांबलो, खोकला जाईपर्यंत. धबधब्यापाशी बाबा म्हणाले, "चल गं आता, झालं," आणि पाणी एकदम खाली गेलं. डोहाचा आवाज वाडीपर्यंत गेला असणार, कारण खालून कुणीतरी मोठ्यानं हाक दिली.

सूर्य कड्याला टेकला. आमच्या सावल्या लांब व्हायला लागल्या, भराभर, चार दिवसांचं राहिलेलं असल्यासारख्या. वाडीत गाई हंबरल्या. ताशा वाजायला लागला आणि त्यात सोमाकाकांचं ओरडणं ऐकू आलं, "झाली! झाली!"

शेवटच्या ओढ्यापाशी अंधार पडला. खराखुरा, काळा. इतक्या दिवसांनी मला त्यात काहीच दिसेना. ओढा म्हणून सांगितला तर ओढा होता, पण त्यापलीकडं काय सांगायचं ते मला सुचेना. तिथून पुढं बाबांनी मला काही शिकवलंच नव्हतं. मी थांबले.

"थांबू नको," बाबा म्हणाले. त्यांनी आता माझा हात धरला होता. "आता मी सांगतो. ओढा ओलांडला की रस्ता. रस्त्यावर एसटी उभी आहे, इंजिन चालू आहे. खिडकीपाशी दोन जागा रिकाम्या आहेत. रातोरात शहरात पोचेल, नऊच्या आत."

"मला दिसत नाही बाबा."

"मलाही नाही. पायरी उंच आहे, जपून. धरायची दांडी डाव्या हाताला."

मी डावा हात अंधारात पुढं केला. दांडी थंड होती, आणि हातात इंजिनाची थरथर आली.