अकरा दहाचा साक्षात्कार

काकूंचा हात पेल्यात गेला आणि स्वच्छ पाणी बघता बघता गुलाबी झालं. बैठकीच्या खोलीतल्या एकवीस माणसांनी एकदम आ वासला. त्यातल्या चौदा जणांकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, पण आ सगळ्यांचा सारखाच मोठा होता.

“पाणी खोटं बोलत नाही,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “ज्या हाताने पत्ते चोरले, त्या हाताचं पाप पाण्याने ओळखलं!”

“अरे देवा! आणि आपण यांच्या डब्यातलं खात होतो,” हिशेबनीस पुटपुटला आणि खुर्चीसकट वीतभर मागे सरकला.

काकूंनी हात बाहेर काढून उलटसुलट करून बघितला. बावीस वर्षं त्या हाताने या ऑफिसची नोंदवही सांभाळली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. टेबलाच्या टोकाला मोठ्या साहेबांसमोर पोलिसांत द्यायची तक्रार टाइप होऊन पडली होती. त्यात आरोपीच्या नावाची जागा तेवढी कोरी होती, आणि साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

कोपऱ्यात उभी असलेली शंकासुर हे सगळं बघत होती. ती इथली यंत्रं सांभाळायची. दर वाक्याला “कशावरून?” विचारायची खोड असल्यामुळे मुलगी असूनही तिला नाव राक्षसाचं मिळालं होतं. तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. ते होतं काकूंनी हात पुसलेल्या फडक्याकडे.

या ऑफिसचा धंदा आकड्यांचा. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते केव्हाच वाटून संपले, त्यामुळे आता त्यांना भर चौकातल्या जागेचा भाव आहे. कुठला पत्ता कुणाचा, याबाबत इथली नोंदवही म्हणेल ते खरं. त्याच वहीत आतल्या कुणीतरी हात मारला होता. बंद पडलेल्या चाळीस कंपन्यांचे पत्ते दोन वर्षांत गुपचूप एका नव्याच कंपनीच्या नावावर चढले होते. मेलेल्याची वस्तू विचारायला कोण येतंय? पण त्यातल्या एका कंपनीचा म्हातारा मालक जिवंत निघाला, काठी आपटत काउंटरवर आला आणि बिंग फुटलं.

आता अशा वेळी शहाणी माणसं काय करतात? गेलेले पत्ते गोठवतात, जुन्या फायली काढतात, बाहेरचा तपासनीस बोलावतात. पण छोटे साहेब मोठ्या साहेबांच्या कानाला लागले. “चौकशी लावलीत तर सहा महिने बोंबाबोंब होईल, साहेब. माझ्या माहितीतले एक बाबा आहेत. एका दुपारीत निकाल.” मोठे साहेब व्यासपीठावर विज्ञानाचे गोडवे गायचे आणि नव्या पेनाने पहिली सही करायलाही शुभ वेळ बघायचे. ते तत्काळ हो म्हणाले.

बाबांनी आल्या आल्या प्रवचन झोडलं होतं. “पत्ता म्हणजे काय? चार आकडे आणि मधे तीन ठिपके. चार आकडे म्हणजे चार दिशा, तीन ठिपके म्हणजे तीन काळ! मग पत्ता चोरणारा काय चोरतो? विश्व चोरतो!” यावर नेटवर्क विभागाच्या प्रमुखाने मान डोलावली. ज्या माणसाने जन्मभर ते ठिपके मोजले, त्याने!

“नव्या पद्धतीच्या पत्त्यात ठिपकेच नसतात,” शंकासुर तेव्हाच बोलली होती. “मग त्याला काळच नाही का?”

“गप गं,” तिला चहूकडून ऐकायला मिळालं होतं.

मग बाबांनी अंग थरथरवून तंद्री लावली होती. “मला दिसतंय... गेल्या महिन्याची सतरा तारीख... सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं... सगळे वरच्या सभागृहात... खाली एकच बाई... तिचा हात कळफलकावर...” एवढं बोलून ते घामाघूम झाले आणि सभा गारद झाली. कारण खरंच, सतराला सकाळी मोठ्या साहेबांचं ‘सचोटी’ या विषयावर दोन तास भाषण झालं होतं, आणि काउंटर सांभाळायला खाली एकट्या काकू होत्या. नोंदवहीतही सतरा तारखेला काकूंच्या लॉगिनवरून झालेला एक चोरटा बदल होता, आणि त्यापुढे वेळ होती अकरा दहा. त्यानंतरची ही पाण्याची परीक्षा. बाबांच्या शिष्याने दिलेल्या फडक्याला हात पुसून एकेकाने पेल्यात बुडवायचा; काकूंच्या आधीच्या सगळ्यांचं पाणी स्वच्छच राहिलं होतं.

“साहेब, सही करायच्या आधी एक,” शंकासुर पुढे झाली. “तुम्हीपण पेल्यात हात बुडवा.”

“मी?” मोठे साहेब दचकले.

“काय हरकत आहे? तुमचे हात स्वच्छच आहेत. फक्त आधी काकूंच्या फडक्याला पुसा.”

शिष्य फडकं ओढायला झेपावला, पण काकू त्याच्याहून चपळ निघाल्या. त्यांनी ते सरळ साहेबांच्या हातात दिलं. सगळे बघतायत म्हटल्यावर साहेबांचा नाइलाज झाला. त्यांनी हात पुसून ताज्या पेल्यात बोटं बुडवली. पाणी गुलाबी! काकूंच्या पेल्यापेक्षाही गडद.

“अगं बाई, साहेब तुम्हीसुद्धा?” काकू म्हणाल्या. दुपारभरात खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

“बाकी सगळ्यांना कोरडी फडकी दिली,” शंकासुर म्हणाली, “आणि काकूंना पिशवीच्या वेगळ्या कप्प्यातलं ओलसर. त्यात धुण्याचा सोडा आहे. पेल्यांतलं पाणीसुद्धा साधं नाही. त्यात फिनॉल्फ्थॅलीन घातलंय. एरवी त्याला रंग नसतो, सोड्याशी गाठ पडली की गुलाबी होतं. शाळेत आपण सगळ्यांनी हा प्रयोग करून मार्क घेतलेत.” तिने चहाच्या ट्रेमधली लिंबाची फोड उचलून साहेबांच्या पेल्यात पिळली. रंग उडाला. “घ्या साहेब. अर्ध्या लिंबात पापक्षालन.”

बाबा गरजले, “नास्तिकांनी सिद्धीची थट्टा करू नये! पाण्याचं सोड. ती वेळ मला कशी दिसली? बोल, कशी दिसली?”

खोली पुन्हा बाबांच्या बाजूला कलंडायला लागली. “हो, ते मात्र खरं,” हिशेबनीस म्हणाला.

“त्याचंच तर सांगते.” शंकासुरने खिशातून चोरट्या बदलांच्या यादीचा कागद काढला. “आपली नोंदवही आपल्या घड्याळाने चालत नाही, जगभर एकच असलेल्या घड्याळाने चालते. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. वहीत अकरा दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार चाळीस. यादीच्या तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही आहे. बाबांना दिव्य दृष्टीने चोरी दिसली असती, तर चार चाळीसची दिसली असती. त्यांना दिसला तो कागद.”

नेटवर्क प्रमुखाने कपाळावर हात मारला. त्याला हे ठाऊक होतं, पण बाबांपुढे आठवलं नव्हतं.

“आणि चार चाळीसला काकू कुठे होत्या, साहेब?”

मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. सतराला चार ते पाच त्यांनी काकूंना केबिनमध्ये समोर बसवून आपल्याच भाषणाचं इतिवृत्त लिहून घेतलं होतं. एकेक टाळी कुठे पडली त्याच्यासकट.

“माझं मशीन तसंच उघडं होतं,” काकू हळूच म्हणाल्या. “साहेबांनी ‘ताबडतोब या’ म्हटलं आणि मी उठले. पासवर्डसुद्धा कीबोर्डखाली चिकटवलेला आहे. ते माझं चुकलंच.”

“परवा मी माझ्या प्रतीशिवाय या यादीच्या दोनच प्रती काढल्या,” शंकासुर म्हणाली. “एक तुम्हाला, साहेब.”

साहेबांनी ओशाळून खण उघडला. यादीचं पाकीट जसंच्या तसं चिकटलेलं होतं.

“दुसरी छोट्या साहेबांनी मागून नेली.”

छोटे साहेब उठले. “काहीतरीच काय! हिच्याकडेपण होती की यादी. हिनेच सांगितलं असेल बाबांना.”

“मी सांगितलं असतं तर चार चाळीस सांगितलं असतं,” ती म्हणाली. “ते घड्याळ मीच लावते.”

चाळीस नोंदींपैकी कुठली कधी झाली हे करणाऱ्यालाही आठवत नसणार. म्हणून यादी मागवायची, आणि काकू एकट्या असल्याची वेळ शोधून त्यांच्यावर बिल फाडायचं, असा बेत दिसत होता. छोटे साहेब दाराकडे निघाले, पण निकाल ऐकायला आलेला तो म्हातारा मालक दारात काठी आडवी धरून बसला होता. बाबांनी तर कधीच पिशवी आवरली होती. “माझा काय संबंध? यांनी चिठ्ठी दिली, मी वाचली,” असं त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं. तीन काळ बघणाऱ्याला पुढची पाच मिनिटं काही दिसली नव्हती.

मोठ्या साहेबांनी टाइप केलेली तक्रार फाडली. “काकू, मला माफ—”

“माफीचं नंतर बघू,” काकू मधेच म्हणाल्या. “आधी या चाळीस कंपन्यांचे पत्ते गोठवायची ऑर्डर काढा, नाहीतर रात्रीत विकले जातील. बाहेरचा तपासनीस बोलवा, आणि त्याला माझ्यासकट सगळ्यांची मशीन तपासू द्या. छोटे साहेब दोषी आहेत का, तेही त्यालाच ठरवू दे. आज माझ्यावर जसं ठरवलंत तसं नको.”

“पण काहीही म्हणा,” हिशेबनीस कुजबुजला, “माझ्या गुडघ्याचं त्यांनी बरोबर सांगितलं होतं.”

“तुम्ही लंगडत आत आलात, काका,” शंकासुर म्हणाली.

पदवी भिंतीवर टांगून माणूस शहाणा होत नाही, प्रश्न विचारून होतो. चोरी झाली तर नोंदी बघा, फायली बघा, कोण कधी कुठे होतं ते बघा. अंगात आलेल्याला विचारलंत, तर तो चोराने सांगितलेलंच सांगणार, आणि शिक्षा भोगणार एखादी काकू.

काकूंनी फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हात धुतले आणि यादीतल्या पहिल्या कंपनीच्या जुन्या मालकाला फोन लावला.