दुसरी नळी

हिरव्या बांगड्या मधुराच्या हातात चढेनात. साबण लावूनही जमेना, तेव्हा तिची आई, नंदावहिनी, मला म्हणाल्या, "भावजी, टावर चौकातून बडा साइज घेऊन या ना. सातव्यात हात सुजतातच."

मी शैलेंद्र, मधुराचा काका. फ्रीगंजच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासतोय. आदल्या दिवशी तिचं बीपी फार वाढलेलं निघालं. "रक्तात गडबड दिसली तर लगेच भरती," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या सकाळी रक्त मीच काढलं, डोहाळजेवणाच्या गडबडीत, घाईघाईनं.

बांगड्या घेतल्या आणि लॅबमध्ये डोकावलो. प्लेटलेट एकसष्ट हजार. दीड लाखाच्या वर हव्यात.

आकडा असा पडला की आम्ही आधी नळीला नावं ठेवतो. रक्त गोठलं असेल, नीट हलवलं नसेल. बहुतेकदा तसंच निघतं. तरीही गरोदर बाईचा आकडा आधी डॉक्टरांना फोन करून सांगायचा, हा नियम. नव्या लोकांना तो मीच शिकवतो. पण घरचं कार्य होतं, शुभकार्यात विघ्न कशाला? फोन केला नाही. नव्या नळीवर 'मधुरा' लिहिलं, खिशात टाकली आणि नानाखेड्याला घरी परतलो.

मधुरा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती.

"मधू, जरा रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

"काका, अभी नको ना! ओटी होऊ द्या, मग बाल्टीभर घ्या."

"डोकं दुखतंय का?"

"एवढ्या शोरात दुखणारच की!"

मी हसलो. मूर्खासारखा हसलो.

झाकलेल्या दोन वाट्यांतली एक तिनं उचलली. बर्फी निघाली. "मुलगी, मुलगी!" बायका ओरडल्या. मधुरानं डोळे चोळले. "काका, समोर काहीतरी चमकतंय," म्हणाली आणि झोपाळ्यावरून खाली कोसळली. अंगाला झटके येत होते.

मुलगी वाचली, काचेच्या पेटीत आहे. मधुरा गेली. आकडा कळल्यापासून माझ्या हातात तीन तास होते.

दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझ्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता.

"रक्तात काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं ना, भावजी."

खिशातली नळी मी मुठीत घट्ट धरली. तिच्यावर माझ्याच अक्षरात नाव होतं, आणि आत काही नव्हतं.